शेवंतीच्या खोलीतला विंडो एसी आणि उजेडाच्या फटी : देवगड, एप्रिल ते जुलै २०२५

१२ एप्रिल

खोली १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ. भिंती चिऱ्याच्या, ९ इंची, दोन्हीकडून गिलावा. पश्चिमेच्या खिडकीत दीड टनाचा विंडो एसी. आत दोन-दोन कप्प्यांच्या तीन मांडण्या, ५ इंची ९६ कुंड्या, सगळे एलईडी मिळून ८०० वॉट.

गणपती २७ ऑगस्टला. कुंडीतली शेवंती त्याआधी चार-पाच दिवस उमललेली हवी. लांब रात्र सुरू केल्यापासून फूल यायला जातीप्रमाणे ७ ते १० आठवडे लागतात. आपली जात आठ आठवड्यांची, म्हणून २७ जूनपासून रोज १४ तास काळोख. जूनअखेर देवगडला दिवस १३ तासांच्या थोडा वर असतो, शिवाय दोन्ही टोकांना झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेचा उजेड. एवढ्या लांब दिवसात शेवंतीने कळी धरलीच तरी ती पुढे उमलायला त्याहून लांब रात्र मागते. ओटीवर ठेवून ते जमणार नाही, आणि पावसात तर नाहीच.

रात्र नुसती लांब असून चालत नाही, ती सलग लागते. शंकेश्वराच्या झाडावर हॅमनर आणि बॉनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३८ साली हे दाखवून दिलं : लांब रात्रीच्या मधोमध जेमतेम मिनिटभर दिवा लावला तरी झाड फुलायचं थांबतं. शेवंती एवढी हळवी नाही. तिला फुलू द्यायचं नसेल तर बागाईतदार मध्यरात्री काही तास शंभरेक लक्सचा उजेड देतात. पण फटीतून येणारा उजेड खोलीभर सारखा पसरत नाही. तो दोन-चार कुंड्यांवरच रोज पडतो आणि त्याच कुंड्या मागे राहतात.

एसी बंद ठेवून फटी बुजवणं सोपं, पण काळोखाच्या तासांत खोली ३० अंशांच्या वर राहिली की कळी रखडते. म्हणजे काळोखातच एसी चालला पाहिजे, आणि एसी म्हणजे २६ बाय १७ इंचांच्या यंत्रासाठी भिंतीला पाडलेलं भोक. सगळं काम या भोकाचं.

काळोखाची वेळ संध्याकाळी ६ ते सकाळी ८ अशी धरली. दुपारच्या उन्हाशी झुंज टळते. पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत असते, त्यामुळे तो भाग फुकटात सुटतो. उरतो तो ६ ते साडेसातचा दीड तास आणि रात्रीचे रस्त्यावरचे दिवे.

१४ एप्रिल

पहिली तपासणी. वेळ मुद्दाम संध्याकाळी ६.२० ची. दुपारी बारा वाजता खोलीत काळोख दिसला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही : तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि छज्जाच एसी झाकतो. मावळतीचं ऊन आडवं येतं, थेट एसीच्या पाठीत शिरतं. खरी परीक्षा तीच.

दार लावून २० मिनिटं बसायचं, मोबाईल बघायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांत खोली काळीकुट्ट वाटते. पंधराव्या मिनिटाला फटी दिसू लागतात, विसाव्याला एसीचं तोंडच मंद उजळलेलं दिसतं. हातातला लक्समीटर कुंड्यांच्या जागी ००.० दाखवत होता. त्याचं सगळ्यात लहान माप ०.१ लक्स, त्यामुळे शून्य दिसलं म्हणजे काळोख झाला असं नाही. मीटर कुंडीच्या पानाशी धरायला ठीक, फट शोधायला डोळाच बरा. फोनच्या नाइट मोडमध्ये फोन टेकवून दहा सेकंदांचा फोटो घेतला की डोळ्याला न दिसलेलं एखादं भोकही सापडतं.

सापडलेल्या जागा खडूने खुणावल्या :
उजवी फट २० मिमी, डावी १२ मिमी, दोन्ही थर्मोकोलने बुजवलेल्या आणि तरी उजळलेल्या.
वरची फट ६ ते ९ मिमी, वाकडी. चौकट ओळंब्यात नाही.
खालून बारीक रेघ.
वायर जाते ते भोक.
आणि एसीच्या समोरच्या जाळीतून, म्हणजे यंत्राच्या पोटातून येणारा उजेड. हा कुठल्याच फटीचा नाही.

१६ एप्रिल

एसी बाहेर काढून स्टँडवर ठेवला. वजन पन्नास किलोच्या वर, दोघांचं काम. प्लग काढला, कपॅसिटर मेकॅनिकने उतरवला, मगच पत्रा खोलला.

मागून हॅलोजन लावून पुढून पाहिलं. विंडो एसीच्या पोटात पुढची थंड खण आणि मागची गरम खण यांच्यामध्ये एक पडदी असते. सगळ्यांची समजूत अशी की ती पडदी बंद असते. ती चार ठिकाणी उघडी आहे. ताज्या हवेचा डॅम्पर : लिव्हर बंदवर असूनही झडपेला दीड-दोन मिमी फट. मोटरचा शाफ्ट पडदीतून आरपार जातो, त्याच्याभोवती कडं. तांब्याच्या नळ्या आणि वायरी जातात ते भोक. आणि खाली पाण्याची वाट : पुढच्या कॉइलवर जमलेलं पाणी तळाच्या पन्हळीतून मागे जातं, तिथे पंख्याच्या कडेचं कडं ते उडवून गरम कॉइलवर मारतं. या पन्हळीतून उजेड उलटा येतो, आणि पाण्यावर पडून चमकतो म्हणून आहे त्यापेक्षा जास्त वाटतो.

मेकॅनिकने डॅम्परच्या झडपेवर बोट ठेवून एवढंच म्हटलं, "हंयसून उजेड येता, आणि तुम्ही खिडकी बुजवत बसल्यात."

१९ एप्रिल

जुना भराव काढला. थर्मोकोल, त्याच्या आत वर्तमानपत्र, एका कोपऱ्यात पिवळा पीयू फोम. थर्मोकोलचा इंचभर जाड तुकडा टॉर्चसमोर धरला तर कंदिलासारखा पेटतो. तो उजेड अडवत नाही, पसरवतो. पीयू फोमचंही तसंच, शिवाय सूर्याने पिवळा पडून त्याचा भुगा होतो. आत मुंग्यांनी वारूळच केलं होतं, त्यांच्या वाटा म्हणजे आरपार भोकं. खाली लाकडी चौकट बोटाने दाबली तर दबत होती : खारी हवा आणि एसीचं पाणी.

चौकट बदलायची. सुतार महिनाअखेरपर्यंत आंब्याच्या पेट्यांत अडकलेला. एप्रिलमध्ये देवगडात सुतार शोधणं म्हणजे भर पावसात गवंडी शोधण्यासारखं. पेट्यांच्या दोन खेपांमधल्या दोन संध्याकाळी मिळाल्या.

२३ एप्रिल

नवी चौकट, १९ मिमी मरीन प्लाय. साध्या प्लायचे थर इथे दुसऱ्या पावसाळ्यात सुटतात. कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर, कारण पाणी पृष्ठातून नाही, कडेतून शिरतं. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे. जस्ती स्क्रू समुद्रापासून इतक्या जवळ वर्षभरात तांबडे होतात आणि त्यांच्या गंजाने भोक मोठं होऊन तिथूनच उजेड येतो.

एसी किती आत, किती बाहेर, हे उजेडाच्या आधी ठरवायचं. यंत्राच्या दोन्ही कुशींना मागच्या भागात झडपा असतात. तिथून कंडेन्सरला, म्हणजे मागच्या गरम कॉइलला, हवा जाते, आणि मागून गरम हवा बाहेर पडते. या झडपा भिंतीच्या जाडीत अडकल्या तर यंत्र गुदमरतं. आपल्या यंत्रात त्या पुढच्या तोंडापासून ३३० मिमीवर सुरू होतात. भिंत गिलाव्यासकट २६० मिमी. म्हणून तोंड खोलीत फक्त ४० मिमी आलं : भिंतीची बाहेरची कड ३०० वर, झडपा त्याच्या ३० मिमी पुढे मोकळ्या. आधी ते तोंड खोलीत ९० मिमी होतं, म्हणजे झडपांचे पहिले २० मिमी भिंतीत गाडलेले. विजेचं बिल फुगायला तेही एक कारण असणार.

उतार पाणसळीने घेतला, मागची बाजू ८ मिमी खाली. उतार नसला तर पाणी खोलीत. फार दिला तर पाणी पंख्याच्या कड्यापर्यंत पोचण्याआधीच वाहून जातं आणि कंडेन्सरला मिळणारा गारवा बुडतो.

२४ एप्रिल

फटी. तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी नायट्राइल रबराची शीट घेतली, १९ मिमी जाड. हिची छिद्रं बंद असतात, पाणी पीत नाही. गादीचा काळा स्पंज दिसायला तसाच, पण तो पाणी पितो आणि ताणला की त्यातून चांदण्या दिसतात.

चौकट अशी केली की तिन्ही बाजूंना फट १४ मिमीची राहील. १९ ची शीट १४ मध्ये बसते तेव्हा साधारण पाव हिस्सा दबते. तेवढंच. अर्ध्यावर दाबली तर वर्षभरात तिचा जीव जातो आणि ती परत फुगत नाही. एक पट्टी आतल्या कडेला ५० मिमी रुंद, दुसरी बाहेरच्या कडेला ५० मिमी, मध्ये पोकळी. पोकळीच्या चारही आतल्या बाजूंना शाळेच्या फळ्याचा काळा रंग. ऑइलपेंट नको : चकचकीत काळा रंग तिरप्या उजेडाला आरशाचं काम करतो.

सगळ्या खोलीवरून काढलेला हिशोब असा : उजेड सरळ जातो, हवा आणि पाणी वळतात. जिथून हवा किंवा पाणी जायला हवं तिथे बुजवायचं नाही, वळण द्यायचं. दोन काटकोनी वळणं आणि काळा मॅट रंग असला की उजेड जवळपास मरतो. जिथून काहीच जायला नको तिथेच भराव.

आतून फटीवर लाकडी बीडिंग, पण नुसती चिकटवलेली नाही. बीडिंगला मागून ६ मिमीची खाच मारून ती चौकटीच्या कडेवर चढवली. सपाट पट्टी सपाट लाकडावर ठेवली तर मध्ये केसाएवढी रेघ राहतेच, आणि काळोखात ती रेघ दोरीसारखी दिसते. खाच असली की उजेडाला वळावं लागतं.

खालच्या बाजूला भराव फक्त आतल्या कडेला. मागच्या अर्ध्यात काही घालायचं नाही. पाणी अडलं तर तळाचा पत्रा सडतो, आणि खाऱ्या हवेत तो आधीच सडायच्या तयारीत असतो.

बाहेरून सांध्याला काळं सिलिकॉन, न्यूट्रल जातीचं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांब्या-पत्र्याला खातं, ते एसीजवळ नको.

२७ एप्रिल

चूक, आणि ती ठरवून केलेली. संध्याकाळच्या तपासणीत झडपांच्या कडेने येणारा उजेड बाहेरच्या पट्टीवर पडून चमकताना दिसला. उजवीकडच्या झडपांच्या पुढच्या चार ओळींवर ॲल्युमिनियम टेप मारली. २५ मिनिटांत कॉम्प्रेसर 'टक' करून बंद, पाचेक मिनिटांनी चालू, परत बंद. कंडेन्सरला हवा कमी पडली, दाब वाढला, ओव्हरलोडच्या स्विचने यंत्र बंद केलं. असं चार-सहा वेळा झालं की कॉम्प्रेसरचं आयुष्य जातं. टेप काढली. चमकणारी पट्टी काळी रंगवली, तेवढ्याने भागलं.

२ मे

यंत्राच्या पोटातलं काम. गॅरंटीत असलेल्या यंत्रात हे करू नये. आपलं जुनं आहे.

डॅम्पर : झडपेच्या कडेला ३ मिमी नायट्राइलची पट्टी, झडप बंद करून दोन स्टेनलेस स्क्रू, लिव्हरची खाच आतून काळ्या टेपने बंद. ताजी हवा यातून पुन्हा कधी येणार नाही, ती दाराच्या खालच्या वळणाच्या वाटेने येते.

शाफ्ट : काळ्या प्लास्टिकच्या २ मिमी पत्र्याची दोन अर्धवर्तुळं, एकमेकांवर १० मिमी चढवून पडदीला स्क्रूने. शाफ्टपासून ३ मिमी मोकळं सोडलं. रबर लावायचा मोह होतो, पण शाफ्टला रबर टेकलं की आठवड्यात झिजून त्याचा काळा भुगा ब्लोअरमधून कुंड्यांवर येईल.

वायरीचं भोक : न वाळणारी काळी पुट्टी, बोटाने दाबून. नळ्या थरथरतात, म्हणून कडक होणारं काही नको. एम-सील इथे पंधरा दिवसांत तडकतं.

पन्हळ : पहिल्यांदा काळ्या स्पंजचा बोळा घातला. दोन तासांत पाणी पुढे साठून जाळीखालून भिंतीवर ओघळ. बोळा काढला. त्याऐवजी पन्हळीवर वरून दोन रबरी जिभा टांगल्या, एकीमागे एक, ४० मिमी अंतराने. एक डावीकडून पाऊण रुंदीची, दुसरी उजवीकडून. खालची कड तळापासून ५ मिमी वर. पाणी खालून आणि बाजूने जातं, उजेडाला नागमोडी जावं लागतं. जिभांवर शेवाळ धरतं, ते महिन्याला काढायचं.

हॅलोजन लावून पाहिलं. जाळीत आता पन्हळीपाशी एक मंद ठिपका उरला आहे. बाकी काळं.

७ मे

या आठवड्यात देवगडला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. इथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारीही उत्तरेकडेच असणार, आणि मावळताना पश्चिमेच्या बराच उत्तरेला. एप्रिलमध्ये समोरून येणारी तिरीप जूनमध्ये आतून पाहताना उजवीकडून येईल. आज बंद असलेली फट दीड महिन्याने उघडी पडते ती यामुळे, भराव सुटल्यामुळे नाही.

पाठीवर पडणारं आडवं ऊनच अडवायचं. छज्जा त्याला उपयोगाचा नाही. यंत्राच्या पाठीपासून ७५० मिमीवर चिऱ्याची आडोशाची भिंत घालायची, दोन्ही कुशी आणि वरची बाजू मोकळी. यापेक्षा जवळ घातली तर गरम हवा भिंतीवर आपटून परत झडपांत शिरते.

मापं : जूनअखेर सूर्य मावळताना पश्चिमेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला असतो. ७५० मिमीवर २४ अंशांचा तिरपा किरण सुमारे ३३५ मिमी सरकतो. थंडीत तेवढाच दक्षिणेला. म्हणून ६६० मिमी रुंद यंत्राला दोन्हीकडे ४०० धरून भिंत १४६० मिमी. उंचीला संध्याकाळी ६ ची वेळ धरायची, तेव्हा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर असतो. ७५० वर १५ अंश म्हणजे २०० मिमी. यंत्राचा माथा जमिनीपासून १५००, म्हणजे किमान १७००. चिऱ्याच्या थरांत बसवून १७५०.

गिलावा नाही, चुना तर नाहीच. पांढरी भिंत तिथे घातली तर ती ऊन अडवून तेच परत यंत्रावर टाकेल. उघडा जांभा तांबडा-काळपट, पहिल्या पावसात आणखी काळा पडतो. आयता रंग.

१५ मे

भिंत झाली. एसी २३ अंशांवर लावून क्लॅम्पमीटरने विजेचा प्रवाह मोजला : आडोशाआधी ७.२ अँपिअर, आता ७.३. झडपांपाशी हवेचं तापमान अंगणातल्यापेक्षा दीड अंश जास्त. चालेल. तीन-चार अंशांचा फरक आला असता तर भिंत मागे सरकवावी लागली असती.

संध्याकाळी ६.३० ची तपासणी : जाळीतला ठिपका गेला.

२६ मे

मे महिन्यात पाऊस. २४ तारखेला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी ते दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, आणि २५ ला मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीच्या हिशोबाने जूनचा पहिला आठवडा धरला होता. बाहेरचा वरचा सांधा, ज्याचं सिलिकॉन करायचं राहिलं होतं, तो पावसात सापडला.

वारा-पाऊस पश्चिमेचा. वरच्या सांध्यातून पाणी बाहेरच्या पट्टीमागे शिरलं, पोकळीत उतरलं आणि आतल्या पट्टीशी थांबलं. दोन पट्ट्यांचा फायदा एवढाच की ते खोलीत आलं नाही. पण पोकळीला निचरा ठेवला नव्हता. आज खालच्या बाहेरच्या कोपऱ्यांत ६ मिमीची दोन भोकं, बाहेर उतरती. भोकातून उजेड येईल ही भीती नको, ते फक्त काळ्या पोकळीत उघडतं.

वरच्या पट्टीला खालून ५ मिमीची खाच मारली. पाणी पट्टीच्या पोटाला धरून आत सरकत येतं, खाचेपाशी तुटून थेंब खाली पडतो. पागोळीचीच युक्ती.

ओल्या लाकडाला सिलिकॉन धरत नाही. दोन दिवस टेबलफॅन लावून वाळवलं, मग भरलं.

३ जून

बाहेरचा उजेड संपला की आतला दिसतो. एसीच्या डिस्प्लेचे हिरवे आकडे, टायमरचा लाल ठिपका, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टॅबिलायझरचे लाल आकडे : मांडणीपासून दोन फुटांवर, रात्रभर. झाडाला रात्र मोडल्यासारखी वाटते ती मुख्यतः लाल उजेडाने, त्यामुळे लाल दिवे आधी. स्टॅबिलायझर भिंतीपलीकडे ओटीवर नेला. बाकीच्यांवर काळ्या टेपचे दोन थर. रात्री काही करायचं झालं तर मंद हिरवा टॉर्च, तोही पानांवर रोखून धरायचा नाही.

११ जून

बाहेर आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. एसीचा पंखा सतत चालू ठेवला होता, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर तोच पंखा कॉइलवरचं पाणी परत खोलीत वाळवत होता. पहाटे आत ८८ टक्के. पंखा ऑटोवर टाकल्यावर ७४. फुलांवर बुरशी येण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आतल्या बीडिंगवर दव धरलं नाही, म्हणजे भरावातून हवा येत नाही. बीडिंगच्या एखाद्याच जागी थेंब जमले तर तिथे फट आहे असं खुशाल समजावं, उजेड दिसो न दिसो.

२० जून

आतून जाळीपुढे प्लायचा बुरखा करायचा विचार रद्द. विंडो एसी एकाच तोंडाने हवा घेतो आणि सोडतो. पुढे बुरखा घातला की थंड हवा तिथल्या तिथे वळून परत आत जाते, थर्मोस्टॅटला खोली गार झाली असं वाटतं, कॉइलवर बर्फ धरतो. पाठीमागच्या भिंतीने काम होत असताना हे दुखणं घेऊ नये.

२७ जून

सुरुवात. संध्याकाळी ६ ला दिवे बंद. ९६ कुंड्या, शेंडे खुडून तीन आठवडे झालेल्या. सहा कुंड्या मुद्दाम एसीच्या खाली, सहा समोरच्या कोपऱ्यात, सहा बाहेर ओटीवर.

४ जुलै

रात्री ९ वाजता सहज २० मिनिटांची तपासणी केली, आणि जाळीत ठिपका परत. संध्याकाळी नव्हता.

बाहेर जाऊन पाहिलं. रस्त्यावरचा खांब एप्रिलपासून बंद होता, गणपतीच्या आधीच्या दुरुस्तीत या आठवड्यात नवीन एलईडी दिवा लागला. यंत्रापासून ९ मीटरवर, उंची ६ मीटर. यंत्राच्या माथ्यापासून साडेचार मीटर वर, म्हणजे कोन सुमारे २७ अंश. आडोशाची भिंत १८ अंशांपर्यंतच झाकते. वरचा छज्जा यंत्राच्या पाठीपुढे थोडाच येतो, तो ६५ अंशांच्या खालचं काही अडवत नाही. मधल्या सगळ्या पट्ट्यातून दिवा सरळ पाठीत. सूर्याचा हिशोब केला, दिव्याचा केला नाही, कारण तपासणी प्रत्येक वेळी संध्याकाळी साडेसहाला झाली आणि दिवा तेव्हा मेलेला होता.

उपाय सरळ : चिऱ्याचा आणखी एक थर, ७ इंच. भिंतीचा माथा १९३०, कोन जवळजवळ ३० अंश. पाऊस थांबला त्या दुपारी दोन तासांत झालं.

५ जुलै

रात्री ९.१५. ठिपका नाही. क्लॅम्पमीटर ७.३, जागच्या जागी.

१८ जुलै

तीन आठवडे पूर्ण. खोलीतल्या बहुतेक कुंड्यांवर वाटाण्याएवढ्या कळ्या. ओटीवरच्या सहांपैकी चार अजून पानंच काढतायत, दोनांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या.

एसीखालच्या सहांपैकी तीन मागे आहेत. पहिला संशय उजेडावर, पण कळी उचलून पाहिली. उजेडाने रात्र मोडली की कळीखालची पानं अरुंद, पट्टीसारखी होतात, आणि ती कळी तशीच थांबून बाजूने नवे फुटवे निघतात. इथे तसं काही नाही : पानं नेहमीच्या रुंदीची, कळी सरळ, फक्त बारीक. कुंडीवर थर्मामीटर ठेवला तर एसी चालू असताना १६ अंश. थंड झोत थेट अंगावर. जाळीच्या पाती वर वळवल्या, मांडणी ४० सेंमी पुढे ओढली. आता त्याच जागी २१.

उजवी वरची बीडिंग एका स्क्रूपाशी १ मिमी सुटली होती, प्लाय थोडा फुगलाय. अजून एक स्क्रू. गणपतीनंतर मशीन बाहेर काढू तेव्हा ती पट्टी बदलायची, आणि पन्हळीतल्या जिभांवरचं शेवाळ या वेळी आठवड्याआधीच आलंय.